अपमान झाला म्हणून युद्ध?

रशियाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच रेकॉर्ड वाजतात. एक म्हणजे पुतिन हा नवा हिटलर, डोकं फिरलंय त्याचं. दुसरी, जी मराठी ग्रुपांवर जास्त वाजते, ती अशी की नेटो ही अमेरिका-युरोपची लष्करी आघाडी सरकत सरकत रशियाच्या दारापर्यंत आली, ९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटल्यानंतर त्या देशाचा पार पाणउतारा केला, आणि आता अस्वल उठलं तर रडता कशाला. पहिलीवर बोलण्यासारखं फार नाही, समोरचा वेडा आहे म्हटलं की विचार करायचं कामच संपतं. दुसरी मात्र नीट तपासायला हवी, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे आणि त्या अर्ध्याच्या जोरावर उरलेलं अर्धं बिनबोभाट खपवलं जातं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रशियाचा अपमान झाला हे खरं, पण त्या अपमानातून युक्रेनवरचं युद्धच निघणार होतं हे खोटं. रशिया पुन्हा उभा राहिला तो तेलाच्या पैशावर, आणि उभं राहिल्यावर करायचं काय हे क्रेमलिनने ठरवलं, तेही मुख्यतः घरातल्या कारणांसाठी. वॉशिंग्टनचा त्यात हात आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही.

आता खरं अर्धं. नव्वदीच्या दशकात रशियात जे झालं ते आठवलं तरी कसंतरी होतं. रातोरात भाव मोकळे सोडले, लोकांची आयुष्यभराची बचत महागाईत विरघळली, पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ वर्षांच्या खाली गेलं, जे शांततेच्या काळात कुठल्याही औद्योगिक देशात सहसा होत नाही. १९९५ ला सरकारने कर्जाच्या बदल्यात तेल आणि निकेलच्या कंपन्या मूठभर लोकांच्या घशात घातल्या. ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी स्वतःच्याच संसदेवर रणगाड्यातून तोफा डागल्या तेव्हा पश्चिमेने टाळ्या वाजवल्या आणि याला लोकशाही म्हटलं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रशियाने कर्ज बुडवलं, रूबल कोसळला. ज्या माणसाने 'लोकशाही' हा प्रकार पहिल्यांदा असा पाहिला त्याला तिचा वीट आला तर दोष कोणाला द्यायचा?

आणि पश्चिमेचा दुटप्पीपणा तर विचारूच नका, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. २४ मार्च १९९९ ला रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते, विमान अटलांटिकवर असताना कळलं की सर्बियावर बॉम्बफेक सुरू होतेय, त्यांनी विमान तिथूनच माघारी वळवलं. संयुक्त राष्ट्रांची परवानगी न घेता ७८ दिवस ती बॉम्बफेक चालली. मग २००३ ला इराक. मग २०११ ला लिबिया, जिथे रशियाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला नाही आणि नागरिकांच्या संरक्षणाच्या नावाखाली सत्तांतरच झालेलं पाहिलं. नेटोचा विस्तार ही घोडचूक ठरेल असं अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी १९९७ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि हे केनन म्हणजे सोव्हिएत युनियनला रोखायचं धोरण ज्यांच्या डोक्यातून आलं तेच, रशियाचे कोणी भक्त नव्हेत. २००८ ला नेटोच्या बुखारेस्टच्या बैठकीत तर हात दाखवून अवलक्षण केलं, युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी सदस्य होतील असं जाहीर केलं पण कधी ते नाही सांगितलं, आणि तोपर्यंत त्यांचं रक्षण कोण करणार हेही नाही. म्हणजे मॉस्कोला राग यायला पुरेसं आणि कीवला उपयोग शून्य. हे सगळं मान्य.

पण मग एक प्रश्न. अपमान झालेला देश युद्धच करतो का?

याचं उत्तर द्यायला जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाकडे जायची गरजच नाही (तो दाखला सगळेच देतात), रशियाचाच इतिहास पुरेसा आहे. १८५३ ते ५६ च्या क्रिमियन युद्धात ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने मिळून रशियाला हरवलं. क्रिमियातलं सेवास्तोपोल बंदर पडलं आणि १८५६ च्या पॅरिसच्या तहात रशियाला सांगण्यात आलं की काळ्या समुद्रात तुम्ही लढाऊ जहाजं ठेवायची नाहीत, म्हणजे स्वतःच्या किनाऱ्यावर स्वतःचं आरमार नाही. १९९१ नंतर असं कलम रशियावर कोणी लादलं नव्हतं, उलट सुरक्षा परिषदेतली खुर्ची, अण्वस्त्रं, सगळं त्याच्याकडेच राहिलं, पुढे जी-७ चं जी-८ केलं ते त्याच्यासाठी. तर १८५६ नंतर परराष्ट्रमंत्री गोर्चाकोव्ह यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, रशिया रुसून बसलेला नाही, तो स्वतःला सावरतोय. आणि खरंच सावरला. १८६१ ला भूदासांना मुक्त केलं, १८६४ ला न्यायव्यवस्था बदलली, स्थानिक स्वराज्य संस्था आणल्या, रेल्वे टाकल्या. मग १८७० मध्ये फ्रान्स प्रशियाकडून मार खात असताना गोर्चाकोव्ह यांनी एक परिपत्रक काढून सांगितलं की ते काळ्या समुद्राचं कलम आम्ही यापुढे पाळणार नाही, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या परिषदेने निमूटपणे मान्यही केलं. एक गोळी न झाडता. तो रशिया काही साव नव्हता, त्याच काळात त्याने पोलंडचा उठाव चिरडला आणि मध्य आशिया गिळला, त्यामुळे उगाच आरती ओवाळायला नको. मुद्दा एवढाच की यापेक्षा मोठा अपमान झालेला असताना याच देशाने त्या पराभवाला दुसरं उत्तर दिलं होतं, आधी घर दुरुस्त करायचं.

(जाता जाता, त्या युद्धाशी आपलाही एक धागा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पेन्शनसाठी लंडनला गेलेले अझीमुल्ला खान परतताना मुद्दाम वाट वाकडी करून क्रिमियाला गेले, सेवास्तोपोलपुढे इंग्रजांची झालेली दैना डोळ्यांनी पाहिली. इंग्रजांना नडतो तो आपला, ही भावना आपल्याकडे तेव्हापासूनची असावी, आणि तेव्हा तिला कारणही होतं.)

बरं, पुतिन यांनाही तशी संधी मिळाली होती, आणि गोर्चाकोव्हपेक्षा कितीतरी मोठी. १९९८ च्या शेवटी तेल १०-१२ डॉलरला होतं, जुलै २००८ मध्ये ते १४७ डॉलरवर गेलं. २००६ मध्ये पॅरिस क्लब या धनको देशांच्या गटाचं सगळं कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं. पगार वेळेवर होऊ लागले, पेन्शन मिळू लागली, आणि रशियन माणसाने पुतिन यांना मनापासून पाठिंबा दिला तो यासाठी, त्यात प्रपोगंडा शोधायची गरज नाही. पण त्या पैशाबरोबर अजून काय होत होतं ते बघा. एप्रिल २००१ मध्ये एनटीव्ही हे खासगी चॅनल सरकारच्या मुठीतल्या गॅझप्रॉम या गॅस कंपनीने ताब्यात घेतलं. ऑक्टोबर २००३ मध्ये तेलसम्राट खोदोर्कोव्हस्कीला अटक, त्याच्या युकोस कंपनीचे तुकडे. २००४ मध्ये बेस्लानच्या हत्याकांडानंतर प्रांतांच्या गव्हर्नरांच्या निवडणुकाच रद्द. दहशतवादी शाळेत घुसले म्हणून गव्हर्नर निवडायचा नाही, याचा संबंध कोणी मला समजावून सांगावा. बाल्टिक देश नेटोत आले २००४ ला, म्हणजे ही गळचेपी त्याच्या आधीच सुरू झालेली, नेटोचं बिल तिच्यावर फाडता येत नाही.

नेटोबद्दल खुद्द पुतिन काय म्हणत होते? मार्च २००० मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत विचारलं, रशिया नेटोत येईल का, तर म्हणाले का नाही. मे २००२ मध्ये युक्रेनच्या नेटोशी असलेल्या संबंधांबद्दल म्हणाले की तो त्या दोघांचा प्रश्न आहे. ९/११ नंतर बुश यांना पहिला फोन त्यांचा, मध्य आशियात अमेरिकेचे तळ झाले तेही त्यांनी चालू दिलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. जुलै २०१० मध्ये युक्रेनने कायदा करून स्वतःला तटस्थ जाहीर केलं, कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेवास्तोपोलचा नाविक तळ रशियाला २०४२ पर्यंत वापरू द्यायचा करार झाला. म्हणजे मार्च २०१४ मध्ये क्रिमिया गिळला तेव्हा युक्रेन कायद्याने तटस्थ होता, रशियाचा तळ सुरक्षित होता, आणि युक्रेनमध्ये नेटोत जायला बहुसंख्य लोकांचा पाठिंबाही नव्हता. कीवच्या चौकात लोक थंडीत उभे होते ते नेटोसाठी नाही, युरोपियन युनियनबरोबरच्या व्यापारी-राजकीय करारावर राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनी ऐनवेळी सही केली नाही म्हणून. तो कायदा युक्रेनने रद्द केला डिसेंबर २०१४ मध्ये, लचका तोडला गेल्यावर. आधी काय आणि नंतर काय एवढं तरी बघायला नको का?

फिनलंडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नेटोत गेला आणि रशियाची नेटोशी असलेली सीमा सुमारे १,३४० किलोमीटरने वाढली, सेंट पीटर्सबर्ग त्या सीमेपासून काही तासांच्या अंतरावर. नेटो दारात येणं हाच जर जीवनमरणाचा प्रश्न असेल तर इथे आभाळ कोसळायला हवं होतं. झालं काय? पुतिन यांनी आधीच सांगून टाकलं होतं की जायचं तर जा, तुमच्याशी आमचा युक्रेनसारखा वाद नाही, आणि त्या सीमेवरच्या सैन्याचा मोठा भाग उचलून युक्रेनच्या आघाडीवर नेला. ज्याला शेजाऱ्याच्या हल्ल्याची धास्ती असते तो असं करतो?

'घेराव' हा शब्दही जरा तपासून घ्या. ज्याला घेरायचं त्याला कोणी आपल्या घरात वाटेकरी करून घेतं का? २००५ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीचे चान्सलर श्रोडर यांनी निवडणुकीच्या काही दिवस आधी बाल्टिक समुद्राखालच्या गॅस पाइपलाइनला हिरवा कंदील दाखवला आणि पद सुटल्यावर काही आठवड्यांतच त्याच पाइपलाइनच्या कंपनीत मोठ्या पदावर जाऊन बसले. जॉर्जियावर २००८ मध्ये हल्ला झाला, पुढच्याच वर्षी ओबामा सरकारने संबंध नव्याने सुरू करू म्हणून हात पुढे केला. २०१२ मध्ये रशिया जागतिक व्यापार संघटनेत आला. क्रिमिया घेतल्यानंतर, म्हणजे २०१५ मध्ये, दुसऱ्या पाइपलाइनचा करार झाला. युद्धाच्या आदल्या वर्षी जर्मनी आपला निम्म्याहून जास्त आयात गॅस रशियाकडून घेत होती आणि लंडनमधले महागडे बंगले रशियन पैशाने विकत घेतले जात होते. पश्चिमेवर आरोप करायचाच तर हा करा, की ती रशियाचा गळा आवळायला नाही तर त्याच्याकडून पैसा कमवायला बसली होती आणि त्यापायी समोरचं दिसत असून डोळे झाकले. मला तर हा आरोप जास्त गंभीर वाटतो.

मग भीती होती कशाची? २०११ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोच्या बोलोत्नाया चौकात निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध हजारो लोक उतरले. पुतिन यांनी त्याचं खापर फोडलं हिलरी क्लिंटन यांच्यावर, म्हणे त्यांनी इशारा दिला. रशियन माणूस स्वतःहून चिडू शकतो हे ज्या राज्यकर्त्याला पटतच नाही, त्याला शेजारच्या देशात, जवळपास तीच भाषा बोलणाऱ्या, त्याच चर्चमध्ये जाणाऱ्या लोकांनी राष्ट्राध्यक्षाला पळवून लावलेलं बघून काय वाटलं असेल? युक्रेन नेटोत गेला असता तर रशियाचं काय झालं असतं ते माहीत नाही, पण युक्रेन भ्रष्टाचारातून बाहेर पडून सरकारं बदलत बदलत नीट चालला असता तर क्रेमलिनची पंचाईत नक्की होती.

निर्णय कसा झाला तेही जगाने टीव्हीवर पाहिलंय. २१ फेब्रुवारी २०२२, क्रेमलिनचा प्रचंड हॉल, पुतिन एका टेबलाशी एकटे, आणि रशियाच्या स्वतःच्या सुरक्षा परिषदेचे सदस्य खूप लांब खुर्च्या मांडून शाळेतल्या पोरांसारखे बसलेले. प्रत्येकाने उठून पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क-लुहान्स्क या फुटीर भागांना मान्यता द्यायला हो म्हणायचं. परदेशी हेरखात्याचे प्रमुख नारिश्किन अडखळले, 'पाठिंबा देईन' म्हणाले, तर पुतिन यांनी तिथेच टोकलं, देईन की देतो, स्पष्ट बोला. गडबडून ते म्हणाले, या भागांना रशियात सामील करायला माझा पाठिंबा आहे. पुतिन हसले, आपण त्याबद्दल बोलत नाही आहोत, बसा. (सात महिन्यांनी नेमकं तेच केलं, म्हणजे बिचाऱ्याने पुढच्या धड्याचं उत्तर आधीच दिलं.) अण्वस्त्रधारी देशाचा हेरप्रमुख जिथे तोंड उघडायला घाबरतो, तिथे युक्रेन तीन दिवसांत पडेल हा अंदाज चुकीचा आहे हे सांगणार कोण?

इथे आपल्याकडचा हुकमी एक्का बाहेर येतो. भारताने १९६१ ला गोव्यात सैन्य घातलंच ना, मग रशियाने क्रिमियात घातलं तर काय बिघडलं, आणि तेव्हा सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून आपल्याला वाचवलं ते सोव्हिएत रशियानेच. नकाराधिकाराची गोष्ट शंभर टक्के खरी. पण या गोष्टीत पुतिन नेमके कोणासारखे दिसतात ते बघा. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे असं तिथले हुकूमशहा सालाझार म्हणायचे, त्यासाठी १९५१ मध्ये राज्यघटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' करून टाकलं, शतकांच्या एकात्मतेचे गोडवे गायले. युक्रेनियन आणि रशियन हे एकच लोक, असं सांगणारा जुलै २०२१ मधला पुतिन यांचा लांबलचक निबंध वाचला तर तोच सूर. गोवा गेल्यावरही सालाझार शहाणे झाले नाहीत, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आफ्रिकेत १९७४ पर्यंत युद्धं चालली, पोरं मरत राहिली, तरुण देश सोडून पळाले. शेवटी त्या युद्धांना कंटाळून सैन्यानेच राजवट उलथली. साम्राज्य सुटलं आणि बारा वर्षांत पोर्तुगाल युरोपियन समुदायात गेला.

आणि गोव्याचीच दुसरी गोष्ट, जी महाराष्ट्राने तरी विसरू नये. कोकणी ही मराठीचीच बोली, संस्कृती एक, देव एक, तेव्हा गोवा महाराष्ट्रातच हवा, असं आपले किती मोठे मोठे लोक म्हणत होते! १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांना विचारलं, आणि सुमारे ३४ हजारांच्या फरकाने त्यांनी वेगळं राहायचं ठरवलं. विलीनीकरण मागणारे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर त्यानंतर पुन्हा निवडून आले, पण विलीनीकरणाचा विषय संपला. देशांतर्गत प्रश्न होता, मान्य, सीमा आणि सैन्याचा संबंध नव्हता. पण 'तुम्ही आमचेच' हा दावा कितीही प्रेमाने केला तरी उत्तर समोरच्याने द्यायचं असतं. युक्रेनने १ डिसेंबर १९९१ ला ते दिलं होतं, ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने, दोनेत्स्कमध्ये ८० टक्क्यांच्या वर, आणि क्रिमियातही निम्म्याहून जास्त.

राहिला उपकारांचा मुद्दा. १९७१ चा भारत-सोव्हिएत करार, त्याच वर्षी बांगलादेश युद्धात डिसेंबरमधले नकाराधिकार, सोव्हिएत मदतीने उभी राहिलेली पवईची आयआयटी, नाशिकजवळ ओझरला बनलेली मिग आणि सुखोई विमानं, स्वस्तात मिळणारी ती गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं. हे ऋण नाकारणारा करंटाच. पण ते ऋण सोव्हिएत युनियनचं आहे आणि युक्रेन त्याचा भाग होता. १९७१ ला क्रेमलिनमध्ये बसलेले ब्रेझनेव्ह यांचा जन्म युक्रेनमधला. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमानं कीवच्या अंतोनोव्हची, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या 'दिल्ली'सारख्या विनाशिकांची गॅस टर्बाइन युक्रेनच्याच मिकोलाइवची. भारत आज रशियाकडून तेल घेतो ते मला चूक वाटत नाही, युरोप स्वतः गॅस घेत असताना आपल्याला शिकवायचा त्याला अधिकार नव्हता. स्वस्त मिळतं म्हणून घेतो एवढं म्हणावं आणि गप्प बसावं, त्याला नैतिकतेचा मुलामा कशाला?

आता तो 'उठलेला' रशिया खरंच किती उठलाय? निर्बंधांनी अर्थव्यवस्था कोसळेल म्हणणारे तोंडावर आपटले, २०२३ आणि २४ मध्ये ती चांगली वाढली. पण ती वाढ रणगाडे, तोफगोळे आणि सैनिकांना दिलेल्या घसघशीत बोनसची आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर गेला तो उगाच नाही. ज्यांना रशियाने शब्द दिला होता त्यांना विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानमधल्या, आर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाखमधून एक लाखावर आर्मेनियन जीव मुठीत घेऊन पळाले, रशियाचे शांतिसैनिक तिथेच उभे होते. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचे असाद गेले, मॉस्कोने दिलं ते फक्त राहायला घर. आणि पश्चिमेचं मिंधेपण नको म्हणून जे चाललंय त्यातून चीनचं मिंधेपण वाढतंय. चीन रशियाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, पण चीनच्या एकूण व्यापारात रशियाचा वाटा किरकोळ, त्यामुळे नव्या गॅस पाइपलाइनचा भाव ठरवताना बीजिंगला कसलीच घाई नसते. १८५६ नंतरच्या रशियाने असा कोणता मालक स्वतःवर बसवून घेतला नव्हता.

तर आता तडजोड करा, युक्रेनला तटस्थ करा, कटकट मिटवा, असं जे सांगतात त्यांना युद्ध थांबावंसं वाटतं हे मी समजू शकतो, ते वाटायलाच हवं. मॉस्कोशी बोलावंही लागेल, हजारो अण्वस्त्रं असलेला देश कुठे जाणार नाहीये. पण १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेनने आपल्याकडची अण्वस्त्रं सोडून दिली आणि बदल्यात सीमांचा मान राखू असा कागद घेतला, त्यावर अमेरिका आणि ब्रिटनबरोबर रशियाचीही सही आहे. नंतर सेवास्तोपोलचा करार झाला, नंतर तटस्थतेचा कायदा. चौथ्या कागदावर सही करण्याआधी कीवमधला कुठलाही माणूस विचारणारच की या कागदामागे कोणाचं सैन्य, किती आणि कुठे उभं असेल. या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं पश्चिमेने २००८ पासून टाळलंय. तिला शिव्या घालायच्याच असतील तर याच्यासाठी घाला, मीही येतो बरोबर.